डावीकडची कॉइल

"आधी पोरीचं सासर बदलून पाहू," असं म्हणत शेगडीवाल्या बाई इलेक्ट्रिक शेगडीची बंद पडलेली कॉइल ओढून काढायच्या आणि चालू असलेल्या बाजूला खोचायच्या. तिथं ती तापली, तर पोरगी चांगली, सासर खराब. म्हणजे दोष सॉकेटात नाहीतर आतल्या वायरीत. तिथंही थंडच राहिली, तर पोरगीच गेली. मीटर वगैरे त्या नंतर लावायच्या.

कामठीहून शेअर ऑटोनं यायच्या. वय पन्नाशीच्या आसपास, खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात पकड, टेस्टर आणि मीटर. नवरा हेच काम करायचा. तो गेल्यावर त्याची पिशवी त्यांनी उचलली. पहिल्यांदा आल्या तेव्हा मी विचारलं होतं, मिस्त्री मागून येताहेत का? त्या हसल्या. "मीच हाओ जी मिस्त्री." आमच्या इमारतीतल्या बऱ्याच घरांत त्यांचं येणंजाणं होतं.

आमच्याकडे ती शेगडी आली आईमुळे. तिला विसरायला व्हायला लागलं होतं. दोनदा गॅस उघडा राहिला, म्हणून दोन कॉइलची शेगडी आणली. स्वयंपाक सोड म्हटलं असतं तर ती खचली असती. डावी कॉइल तापेना, तेव्हा बाईंना बोलावलं. त्यांनी सासर बदलून पाहिलं, पोरगीच गेली होती. दुसऱ्या दिवशी सीताबर्डीहून नवी कॉइल आणून बसवली आणि जळकी जुनी कॉइल कागदात गुंडाळून माझ्या हातात दिली. मी ती ओट्याखालच्या खणात ठेवली. जुना पार्ट त्या प्रत्येक घरी असाच परत द्यायच्या. "जुना पार्ट तुमच्यापाशीच राहू द्या. उद्या कोणाच्या मनात शंका नको."

दहा-बारा दिवसांनी डावी बाजू पुन्हा थंड. पाहते तर शेगडीत तीच जुनी कॉइल, तोच जळका डाग. नवी कुठंच नाही. आईला विचारलं, तर म्हणाली, ती बाई आली होती न परवा, काढलं होतं तिनं काहीतरी. बाई खरंच येऊन गेल्या होत्या. शेजारी काम होतं, म्हणून जाताजाता आईची शेगडी नीट चालते का बघायला डोकावल्या होत्या. मी तेव्हा ऑफिसात होते.

मी त्यांना फोन करायला हवा होता. मी इमारतीच्या ग्रुपवर लिहिलं: 'शेगडीवाल्या बाईंना बोलावू नका. नवा पार्ट काढून नेतात, जुना बसवून जातात.' आईचं विसरणं मला रोज दिसत होतं, तरी त्या दिवशी तिचा शब्द मला पुरला. दुसऱ्या कुणाबद्दल मी इतक्या लवकर लिहिलं असतं का? हा प्रश्न मी स्वतःला खूप उशिरा विचारला, आणि त्याचं उत्तर मला आवडलं नाही.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "ताई, गार्ड मले वर सोडून नाही राहिला. काहून, ते बी सांगत नाही. तुम्ही बोला न त्याच्याशी."

"मी ऑफिसात आहे. नंतर बोलते," मी म्हणाले. मी घरच्या बाल्कनीत उभी होते. गेटबाहेर उन्हात, कानाला फोन लावून उभ्या असलेल्या त्या मला दिसत होत्या. मी दोन पावलं मागे सरकले.

तीन आठवड्यांनी आईचं कपाट आवरताना साड्यांखाली एक स्टीलचा डबा लागला. आत नवी कॉइल, घासून घासून लख्ख केलेली. "काळी पडली होती न वं," आई म्हणाली. "घासून ठेवली. सणाले काढू." तिच्या जागी जुनी तिनंच बसवली होती.

खरं सांगते, पहिल्यांदा मला लाज वाटली नाही, भीती वाटली. लोकांना कळेल याची. म्हणून ग्रुपवर एवढंच टाकलं: 'गैरसमज झाला होता. बाईंना बोलावायला हरकत नाही.' कुणाचा गैरसमज, कशामुळे, ते गाळलं. पण नंतर कुणी बोलावलं तरी त्या आल्या नाहीत. माझाही फोन उचलला नाही.

एका रविवारी मी कामठीला गेले. मागच्या गल्लीत पॉवरलूमचा खडखडाट चालू होता. घर एका खोलीचं, भिंतीवर बुद्धाची तसबीर, कोपऱ्यात खिळ्याला ती कापडी पिशवी. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी सगळं सांगितलं, बाल्कनीचंसुद्धा. त्या खाली बघत ऐकत होत्या.

"तुम्ही मले इथं सांगून राहिल्या, ताई," त्या म्हणाल्या. "इथं तर मले कोणी चोर म्हणतच नव्हतं."

मी म्हटलं, पुन्हा या, मी स्वतः गेटवर उभी राहीन. त्यांनी मान हलवली. "नाही जी. आता कोणाच्या घरी चमचा जरी हरवला, तरी मले आधी माहीच पिशवी आठवन." बुटीबोरीच्या एका कारखान्यात त्या पॅकिंगला लागल्या होत्या. खोक्यांवर पट्ट्या चिकटवायच्या. निघताना त्यांनी आईची तब्येत विचारली आणि सांगितलं, कॉइल खोचताना पिना सरळ जाऊ द्या.

त्याच संध्याकाळी मी ग्रुपवर सगळं लिहिलं. आईचं दुखणं, माझा आरोप, फोनवरचं खोटं. एक-दोघांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं. पाचच मिनिटांत कुणीतरी प्लंबरचा नंबर विचारला.

गेल्या महिन्यात सकाळी वर्धा रोडच्या सिग्नलला कारखान्याची बस माझ्या ऑटोशेजारी थांबली. खिडकीशी त्या होत्या, गळ्यात ओळखपत्र. मी हात वर केला. त्यांनी शेजारणीकडे तोंड वळवलं आणि काहीतरी बोलायला लागल्या. त्यांना मी दिसले नसेन, असं मी घरी सांगितलं. दिसले होते.