सालीसकट कोळंबी

स्वतःचंच काम जावं म्हणून तुम्ही कधी देवाला गाऱ्हाणं घातलंय का? माझ्या आईने घातलंय. चांगल्या खणखणीत आवाजात, कारखान्याच्या शेडमधल्या सगळ्या बायकांसोबत.

आई रत्नागिरीच्या एमआयडीसीत कोळंबी सोलते. बर्फाच्या पाण्यात हात घालून डोकं उडवायचं, साल काढायची, पाठीतला काळा दोरा ओढायचा आणि शेपटी तेवढी ठेवायची. अमेरिकेतल्या माणसांना कोळंबी शेपटीला धरून खायला आवडते, म्हणून आमचं घर चालायचं. मग अमेरिकेने भारतातून येणाऱ्या मालावरची जकात वाढवली. शेड एक दिवसाआड चालू लागली.

मी युनियनची पत्रकं वाचत वाढलेली. आईला जागतिक भांडवलावर अर्धा तास समजावलं. ती म्हणाली, "कळलं गो बाय. आता उद्या काम हाय काय नाय, तेवढं सांग."

तेवढं कुठल्याच पत्रकात नव्हतं.

पुढे युरोपशी व्यापाराचा करार झाला. टीव्हीवर पुढारी एकमेकांचे हात सोडेनात. एक तज्ज्ञ म्हणाले, कोकणचं नशीब उघडलं. कारखान्यात युरोपचा पहिला कंटेनर निघाला तेव्हा त्याला हार घातला, नारळ ठेवला, आणि गुहागरकडच्या म्हाताऱ्या वॉचमनने गाऱ्हाणं घातलं:

"बा देवा महाराजा, ह्यो माल साता समुद्रापार चाललाय, त्याला आडकाठी येऊ नको देऊ रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" बायका ओरडल्या.

"त्या गोऱ्यांना ह्याच मालाची गोडी लागू दे, दुसरा कसला नको रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" सगळ्यात मोठा आवाज आईचा.

सोमवारी त्या ॲप्रन बांधून टेबलापाशी उभ्या राहिल्या, तर कोल्हापूरकडचा मॅनेजर आला. "मावशी, युरोपवाल्यांना कोळंबी अख्खी लागते. डोक्यासकट, सालीसकट. त्या कंटेनरातही तशीच गेली."

"मग आमी काय सोलायचं?"

"सध्या काही नाही. आता सगळा माल तिकडेच जाणार. बोलावलं की या."

आईच्या शेजारी उभी राहणारी काकी म्हणाली, "देवान ऐकलान गो! एवढ्या लवकर मेला कधी ऐकत नाय!" अख्खी शेड हसली. आई हसली नाही. हात न भिजवता ती पहिल्यांदाच घरी आली.

माल जातोय, कारखाना जोरात आहे, निर्यात वाढली म्हणून सत्कार होताहेत. करारात कोळंबीची सोय आहे. सोलणारीची नाही.

आईला आकारानुसार कोळंबी निवडायचं काम हवं आहे. तळहातावर घेतली की किलोत किती बसतील ते ती सांगते. पण ते काम आधी कुठे शिकून आलेल्यांनाच मिळतं, आणि इथे शिकवत कोणी नाही. मी अर्ज लिहिला. आईने वाचायला लावला आणि मधेच थांबवलं. "तो साम्राज्यवाद काढ. सायेब घाबरंल. 'काम शिकवा' एवढंच लिव."

अर्जात आता तेवढंच आहे. तो मॅनेजरच्या टेबलावर पडून आहे. तुम्ही कुठल्याही गावचे असा, तुमच्या खासदाराला या आठवड्यात दोन ओळी लिहा: करारामुळे ज्यांचं काम बदललं, त्यांना नवं काम कोण शिकवणार आणि कधी? आणि उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा लिहा.