सदूकाकांनी स्प्रे गन का ठेवली

बायकोपासून माझं काही लपत नाही, पण हे लपलं. गॅरेजातही कोणाला ठाऊक नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की आणखी काही कारण आहे, कोण जाणे.

मी रत्नागिरीत गाड्या रंगवतो. आज आमच्या गॅरेजात मुख्य रंगारी मी आहे. आधी सदूकाका होते. सख्खे काका नव्हेत, पण गन हातात धरायला त्यांनीच शिकवलं. काम वाटून घेतलेलं — घासणं, पुसणं, प्रायमर माझ्याकडे, रंग त्यांच्याकडे.

आता थोडं प्लॅस्टिकबद्दल. बघा, मूळ गोष्ट मी पुन्हा टाळतोय — पण याशिवाय कळायचं नाही. पत्र्यावर रंग धरतो, प्लॅस्टिकवर नुसता टेकतो. म्हणून ते बारीक पॉलिश पेपरने घासायचं, तेलकटपणा काढायचा आणि प्लॅस्टिकचा खास प्रायमर मारायचा. हा प्रायमर पाण्यासारखा, बिनरंगी असतो. मारला की नाही, वरून कोणाला कळत नाही. मारणाऱ्यालाच ठाऊक.

पावस गावच्या एका आंबा बागायतदारांची गाडी आली होती. चाकांवरच्या काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या त्यांना गाडीच्याच रंगात हव्या होत्या. पट्ट्या घासून झाल्या आणि बघतो तर प्रायमरचा डबा रिकामा. आमच्याकडे दुकानं दुपारी एकला बंद होतात ती चारलाच उघडतात, पण तेव्हा बाराच वाजले होते. सहज आणता आला असता. मग का नाही आणला? — घरी तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं केलेलं होतं. हसा खुशाल. मी जेवायला गेलो.

परत आलो तर काका गन भरून तयार.

"प्रायमर मारलास ना रे?"

"व्हय," म्हटलं.

काकांनी रंग मारला, आणि असा मारला की बागायतदार पट्ट्यांत तोंड बघून खूश होऊन गेले.

दोन महिन्यांनी गाडी परत आली. उकडलेल्या बटाट्याची साल सुटावी तसा रंग सुटत होता. बागायतदार सगळ्यांसमोर काकांना नको नको ते बोलले. काकांनी एक पापुद्रा नखाने उचलला, उलटा करून पाहिला आणि मला पुन्हा तेच विचारलं. तेव्हा तरी सांगता आलं असतं — नाही का? मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "मारला व्हता, काका."

पहिलं खोटं आळसाचं होतं. हे दुसरं भित्रेपणाचं, आणि मला जाळतं ते हेच.

त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्या कामाच्या थोडंच आधी झालेलं. गॅरेजच्या मालकांकडे वळून ते म्हणाले, "माजाच हात चुकला आसंल. आता नीट दिसत नाय." मी शेजारीच उभा होतो. सगळा जन्म गन चालवलेला माणूस त्याच आठवड्यात ती ठेवून घरी गेला. कोणी काढलं नाही त्यांना. त्यांचा स्वतःवरचा भरवसाच उडाला — मी उडवला. आणि त्यांची जागा मला मिळाली.

आता ते गावीच असतात. दरवर्षी तुळशीच्या लग्नाआधी त्यांचा फोन येतो. अंगणातलं वृंदावन रंगवायचं असतं, कमरेएवढंच आहे. "माज्या हाताचा काय भरवसा नाय रे आता. तूच ये." मी जातो. ते मागे खुर्ची टाकून बसतात, "बेस हाय तुजा हात" म्हणतात, आणि जेवल्याशिवाय सोडत नाहीत. एक वाक्य बोलायला असा किती वेळ लागतो?

काका अजून आहेत. सांगायला माणूसच उरला नाही, असं म्हणायचीही सोय मला नाही. यंदाही गेलो होतो. वृंदावन रंगवलं, हात धुतले, जेवलो आणि आलो.