मामाची मागची सीट

एमआरआयची फिल्म उजेडासमोर धरून डॉक्टर म्हणाले, "बर्स्ट फ्रॅक्चर." म्हणजे कमरेचा मणका फुटून हाडाचे तुकडे पायाच्या नसांवर जाऊन बसले होते. मी धुळ्याच्या दवाखान्यात आडवा, आणि माझं डावं पाऊल शेजाऱ्याचं असावं तसं गप्प.

लग्न आटोपून जळगावहून निघालो होतो, मोठ्या बहिणीला, अक्काला, धुळ्यातल्या देवपूरला सोडायला. गाडी भाच्याची, नवी कोरी. मामा म्हणून मला मागची आख्खी सीट. आमच्याकडे मानाचा माणूस मागेच बसतो. नव्या सीटकव्हरखाली मागचे बेल्ट गाडले गेले होते. मागे बेल्ट लागतो कोणाला?

हायवेवर ट्रक दिसला की अक्का देवाचं नाव घ्यायची. देवपुरात शिरल्यावर मात्र ती सैलावली. "घर आठेच शे," म्हणाली, म्हणजे इथेच तर आहे. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टेम्पो आडवा आला. पुढे बेल्ट लावून बसलेल्या भाच्याला आणि अक्काला नुसतं खरचटलं. मी मात्र उडून समोरच्या सीटवर आदळलो.

दवाखान्यातही मी वाद घातला. गाडी इतकी हळू होती, आणि आमच्या घराण्यात आजवर कोणाला काही झालेलं नाही. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "तुमच्याकडे एका घराचा अनुभव आहे. माझ्याकडे वॉर्ड आहे. यातले बरेच जण घराजवळच होते."

ऑपरेशन झालं, मणक्यात स्क्रू बसले. मग रोज सकाळी राउंडला एकच हुकूम: अंगठा वर करा. मी जीव ओतायचो. भुवया वर जायच्या, खांदे वर जायचे, शेजारचा पेशंटही उशीवरून मान वर करायचा. अंगठा तेवढा जागचा हलायचा नाही.

अक्का रोज म्हणायची, "बठ्ठं ठीक व्हई, भाऊ." आणि बाहेर जाऊन रडायची.

घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "फूट ड्रॉप आहे. पाऊल उचललं जाणार नाही. चालाल, पण हे असंच राहण्याची तयारी ठेवा."

तयारी कसली ठेवायची! तरी वॉकर धरून स्वतःच्या पायांनी संडासला गेलो, त्या दिवशी मी डॉक्टरांना मनातून हात जोडले.

आता भेटायला माणसं येतात, डोळे पुसतात, आणि परत जाताना मागच्या सीटवर तशीच जाऊन बसतात. म्हणून मी त्यांना सोडायला गाडीपर्यंत जातो. पाऊल फरफटत. खरं सांगतो, तेव्हा जरा जास्तच फरफटतो. मी दारापाशी पोचेपर्यंत आत बेल्ट लावल्याचे आवाज येतात, एकामागून एक.