बनसोडे काकांनी ठेवलेले चार कार्बन

काकांना मी शेवटचं म्हणालो ते हे: "तुमची मोटर भंगार आहे."

आता ते गेले. वाक्य परत कुठे जाऊन घेऊ?

बनसोडे काका. खडकीच्या फॅक्टरीतून रिटायर झालेले इलेक्ट्रिशियन. घरामागच्या शेडमध्ये आपली जुनी आठशे सीसीची गाडी इलेक्ट्रिक करत होते. मी थर्ड इयरला कॉलेज सोडलं आणि रोज तिथे जायला लागलो.

"या इंजिनिअर साहेब. आज पण सुट्टी?"

खरं सांगतो, मी मोटरसाठी जात नव्हतो. त्यांच्या मुलीसाठी जायचो. प्रज्ञासाठी.

तिला विचारून लिहितोय. "लिही, पण माझं उत्तर टाकू नकोस," म्हणाली. उत्तर तिने अजून दिलेलंच नाही!

मोटरवरून आमची रोज भांडणं. मला यूट्यूबवरची सुसाट हवी होती. काकांनी जुन्या बाजारातून फोर्कलिफ्टची आणली.

"तुझा यूट्यूबवाला दहा सेकंद पळवतो. कात्रजचा घाट दहा सेकंदांत चढतो का? घाटभर न तापता चालेल, ती मोटर आपली."

मग तो दिवस. प्रज्ञा चहा घेऊन आली. मला शायनिंग मारायची होती. मोटर टेबलाला आवळलेली, शाफ्टला काहीच जोडलेलं नाही. मी सगळ्या बॅटऱ्यांचा करंट एकदम दिला.

ही मोटर मोकळी फिरवली की वेग वाढतच जातो, ती फुटेपर्यंत. काकांनी शंभरदा सांगितलं होतं.

मोटर किंचाळायला लागली. काकांनी लाथेने केबल उडवली. त्यांचे हात थरथरत होते.

"बाहेर हो."

मी सॉरी म्हणायला हवं होतं. काय म्हणालो ते वर लिहिलंय.

महिनाभर गेलोच नाही. इगो. मग प्रज्ञाचा फोन. हार्ट अटॅक.

रविवारी पुण्यानुमोदनाची श्रद्धांजली सभा झाली. लोक गेल्यावर तिने शेड उघडलं. मोटर गाडीत बसवलेली. फक्त कार्बन नव्हते. आतल्या फिरत्या, तांब्याच्या गोल भागाला टेकून करंट देणारे ते ठोकळे. जुने त्या दिवशी माझ्यामुळे जळाले होते. नवे चार पाकिटात. पाकिटावर मार्करने माझं नाव.

"माफ केलं होतं का गं मला?"

"माहीत नाही. हात थरथरायचे त्यांचे, म्हणून पण ठेवले असतील."

आधीपासून थरथरायचे, की त्या दिवसापासून? विचारायची हिंमत झाली नाही.

"आणि मी कशासाठी यायचो, ते?"

"पहिल्या आठवड्यातच कळलं होतं त्यांना. म्हणाले, येऊ दे, काम शिकतोय."

कळलं होतं?? मग माझ्याशी फक्त व्होल्टेजवर का बोलत राहिले?

काल कार्बन बसवले. त्या गोल भागाभोवती पॉलिश पेपर गुंडाळायचा, शाफ्ट हाताने फिरवायचा, कार्बनला ती गोलाई येईपर्यंत. एकेकाला तास. घाई केली की वाया. म्हणून माझ्यासाठी ठेवलं? शिक्षा होती? डोकं चालत नाहीये.

धूळ फुंकून काढली. गाडी जमिनीवर, गिअरमध्ये. एकच बॅटरी. प्रज्ञा शेजारी बसली.

गाडी हळूच शेडबाहेर आली.

काका, तुमची मोटर भंगार नाहीये.

रोज निघताना तुम्ही म्हणायचात, आज मी म्हणतो. जय भीम, काका.