जपून ठेवलेल्या पुड्या

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, अक्षर वेडंवाकडं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. तीन आठवड्यांमागं दुपारी मोहोळहून निरोप आला, आक्का गेल्या. आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. चार दिवसांच्या तापानं गेल्या, हाताच्या दुखण्यानं नव्हे. तरी निरोप ऐकल्यापासून मला त्यांचा उजवा हातच दिसतो आहे...

दोन वर्षांमागं त्यांच्या काखेतली गाठ सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात कापून काढली. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी पुड्या दिल्या आणि मला बजावलं, "दुखणं वाढायची वाट पाहू नका. दिवसातून तीन वेळा पुडी द्या, मग हात वर करायला लावा. दुखतंय म्हणून हात अंगाशी धरून ठेवला, तर जखम भरेल आणि दुखणं मात्र राहील." मला हे नीट उमगलं नाही. दुखणं वाढायच्या आधीच औषध कशाला? घरी पुडी पुढं केली तर आक्का म्हणाल्या, "सोसतंय की गं अजून. ठेव ती. पुढं लई दुखलं तर काय करशील?"

"पण बाई म्हणाल्या..."

"चौथी शिकलीस म्हणून मला शाळेत घालतीस व्हय?"

आम्ही दोघी हसलो. हसताना त्यांनी काख गच्च दाबून धरली. आमच्या घरात गूळ, तेल, नवं लुगडं, सगळं पुढच्यासाठी ठेवायचं. पुड्याही तशाच फळीवर गेल्या. शेजारणी म्हणायच्या, केवढी सोशिक बाई! आणि अभिमान मला वाटायचा.

टाके निघाले, जखम भरली. हात मात्र खांद्याच्या वर जाईना आणि आतली आग थांबेना. डॉक्टरीणबाईंनी हात फिरवून पाहिला, कपाळाला आठ्या घातल्या. "पुड्या वेळेवर दिल्या होत्या ना?" आक्कांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली बघून म्हणाले, "दिल्या की." खोटं का बोलले, अजून कळत नाही. मला बोलणी बसतील म्हणून, की आक्कांना बसतील म्हणून... बाईंनी चोळायला तेल लिहून दिलं. त्यानं काही झालं नाही. भाकरी थापता येईना, तशा आक्का मोहोळला भावाकडं निघून गेल्या. "तुझ्यावर भार नको," एवढंच म्हणाल्या. पुड्या दिल्या असत्या तर हात सुटला असता का? मनात एकदा हो येतं, एकदा नाही.

गेल्या सोमवारी मुलीचं गळू दाखवायला त्याच दवाखान्यात, त्याच डॉक्टरीणबाईंकडं गेले. काम झालं, दारापर्यंत आले आणि परत फिरले. "बाई, मागं माझ्या जावेच्या पुड्यांचं मी खोटं सांगितलं. आमी त्या दिल्याच न्हाईत."

त्यांना काही आठवेना. किती बायका येतात त्यांच्याकडं! रागावल्या मात्र नाहीत. हातातलं काम थांबवून विचारलं, "आता कसा आहे त्यांचा हात?"

मी गोंधळले. तोंडातून निघालं, "आता दुखत न्हाय."

"मग झालं तर," त्या म्हणाल्या, आणि पुढच्या बाईला हाक मारली.