तेरावी शेळी

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही. शिरड शहापूरला कॉम्प्युटर क्लास चालवते मी. मशीन बंद पडलं की लोक देवाचं नाव घेतात, मी आधी प्लग बघते. तरी हे लिहून राहिले... हसायचं तर खुशाल हसा.

गेम बनवायचा मला भारी नाद. पण यंदाचा गेम सासऱ्यांसाठी होता. मामा जन्मभर शेळ्यांमागं हिंडलेले. खुबा मोडला, खाटेला खिळले, आणि राखायला कोणी नाही म्हणून आम्ही बाराही शेळ्या विकल्या. त्या दिवसापासून दोन महिने मामा कोणाशी एक शब्द बोलले नव्हते. जेवण म्हणजे दोन घास. जीव तुटायचा हो! म्हटलं, स्क्रीनवर तरी त्यांचा कळप आणू. शेळ्या घरी आणायच्या, सगळ्या आत आल्या की फाटक लावायचं — एवढाच गेम.

पण सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं? पहिलं कोडचे तयार ठोकळे जोडायचं... सोपं, पण त्यात शेळ्या भिंतीतून आरपार जायच्या. दुसरं थ्रीडीचं, सगळे त्याचंच कौतुक करतात — माझ्या जुन्या पीसीवर ते उघडेपर्यंत चहा पिऊन कपही धुऊन व्हायचे. तिसरं फुकटातलं, चिमुकलं. एका दुपारी तेच मामांच्या खाटेजवळ लावून बघितलं. एकच शेळी काढलेली, तिच्या बारा कॉप्या. बाराही आत आल्या. फाटकाचं बटण दाबणार, तेवढ्यात मागून आवाज आला —

"काहून लावती गं फाटक? बांडी न्हाई आली अजून."

मामा बोलले होते! माझे हातच थांबले.

बांडी म्हणजे त्यांची लाडकी शेळी. मागचा डावा पाय अधू, त्यामुळं रोज सगळ्यांच्या शेवटी यायची, आणि मामा तिच्यासाठी फाटक धरून उभे राहायचे. पण कळप विकायच्या आधीच ती मेली होती.

मी डोळे पुसत म्हटलं, "मामा, बाराच हायेत."

"थांब जरा," म्हणाले, आणि जीभ टाळूला लावून टक-टक आवाज केला.

स्क्रीनच्या कडेनं एक शेळी आली. मागच्या डाव्या पायानं लंगडत. सावकाश आत येऊन बाकीच्यांत उभी राहिली.

"आली बघ माही बाई," मामा हसले. "आण आता भाकर."

दीड भाकर खाल्ली त्यांनी! मग मी सगळं तपासलं. यादीत शेळ्या बाराच. पीसीला माइक नाहीच. आणि लंगडत चालवायचं तर पायांची वेगळी चित्रं काढावी लागतात, ती मी काढलेलीच नव्हती. गेम बनवणाऱ्यांच्या ग्रुपवर विचारलं, तर म्हणाले, बग असेल. असेल बापा! पण बगला डावा पाय कसा ठाऊक?

त्यानंतर ती कधी दिसली नाही. मामा मात्र आता बोलतात, माझ्याशी भांडतात, भाजीत मीठ कमी आहे म्हणतात. सॉफ्टवेअर मी तेच ठेवलंय. अपडेट येतं, मी नको म्हणते. हे काय होतं, ते मला अजून उमगलेलं नाही. गेम तसा पूर्ण झालाय... फक्त फाटक लावायचा कोड तेवढा मी काढून टाकलाय.