मोहाखालचा खराटा

आमच्या ग्रामसभेत सगळ्यात मोठा आवाज माझा. मोहाखालचा पाला पेटवायचा नाही, खराट्यानं झाडून मगच फुलं वेचायची, हा ठराव मीच तावातावानं मांडला. जंगल राखायचं काम आता गावाकडं आलं होतं, आणि दर उन्हाळ्यात वणवा लावत होतो आम्हीच, का तर खाली पडलेली फुलं नीट दिसावीत. जो आग लावेल त्यानं हंगामभर जंगलाच्या कडेचा पट्टा झाडायचा, म्हणजे आग पुढं सरकत नाही. ही शिक्षाही माझ्याच डोक्यातली.

सासूबाईंना हे पटलं नव्हतं. "सारी जिंदगी पाला जाळला, जंगल कुठी पळून गेलं काय?" म्हणायच्या. झाडायच्या मात्र निमूट.

आणि दुसऱ्याच हंगामात आग लावली कोणी? मी.

नागभीडला भाचीचं लग्न होतं. सकाळची गाडी गाठायची, आणि झाडाखाली हा ढीगभर पाला. म्हटलं, एवढासा कोपरा पेटवते, कोणाला कळतंय. वारा उठला आणि आग थेट बांबूकडं निघाली. शेजारच्या झाडाखाली झाडणाऱ्या सासूबाईंनी धावत येऊन पळसाच्या फांद्या मोडल्या, आणि दोघींनी झोडपून झोडपून ती विझवली. तोंडं काळी, लुगड्यांना भोकं. लग्न राहिलंच.

संध्याकाळी सभा बसली. जळका कोपरा सगळ्यांनी पाहिला होता. मी कबूल केलं तर यापुढं माझं कोण ऐकणार, आणि माझ्या ठरावाला तरी कोण विचारणार? तेवढ्यात सासूबाई उठल्या. "म्या लावली. बुढीले जुनी सवय, काय करता?"

लोक हसले, विषय मिटल्यात जमा होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेवटी उठलेच. "खोटं बोलून राह्यल्या त्या. आग मी लावली."

मग गावातले सगळ्यात वयस्कर भाऊ तंबाखू मळत म्हणाले, "एकीनं आग लावली, दुसरीनं सभेत खोटं सांगितलं. दोघीयले खराटा द्या."

हंगामभर आम्ही सासूसुना पट्टा झाडत होतो. येणारेजाणारे म्हणायचे, "बाई, आमचं आंगणही घ्या झाडून." ठराव टिकला. लोक अजून माझं ऐकतात, फक्त आधी मनसोक्त हसून घेतात.

यंदा मोहाखाली झाडताना सासूबाई एकदम खाली बसल्या. पाल्यात मोहाची चार-पाच रोपं होती, ठरावानंतरच्या पहिल्या पावसात उगवलेली, वीतभर. जळक्या कोपऱ्यात एकही नव्हतं. नांदायला आल्यापासून या झाडाखाली त्यांनी कधी रोप पाहिलं नव्हतं.

"इतकी वर्षं आमीच जाळत होतो काय यायले?" त्या हळूच म्हणाल्या. मी पुन्हा खराटा उचलला, तर त्यांनी माझा हात धरला.

"इथी खराटा नको लावू. हातानं वेच."